उतरवायला बांधलेली डगाळ

धानाचा रोवणा आता मशीन करते. मूल शहराकडून ट्रॅक्टरवर लादून ती येते, दोन पोट्टे तिच्यावर बसतात, आणि ज्या बांधीत वीस बाया सकाळपासून वाकलेल्या असायच्या, ती बांधी जेवणाच्या आधी हिरवी होते. मोहटोलीची ललिता निकुरे अशा वेळी मुद्दाम धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, जाऊन उभी राहते. कोणी बोलावलेलं नसतं. कमरेवर हात ठेवते आणि मशीनच्या खोडी काढते.

"ओळ पाय कशी वाकडी गेली! अन् गाणं? गाणं कोण म्हणंल बापू, हे डबडं?"

"मोबाइलवर लावतो ना मोठमाय, कोणतं पायजे?" एखादा पोट्टा म्हणतो. त्यावर ललिता त्याच्या सात पिढ्यांना असं काही ऐकवते की पुढची सगळी बांधी मशीन सरळ चालते.

पन्नाशी आली, कंबर गेली, पण जीभ अजून जाग्यावर आहे. एके काळी बावीस बायांची टोळी होती तिच्या हाताखाली. पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या बांधीत फेकलेल्या, पाठीवर प्लास्टिकच्या घोंगश्या, आणि बावीसच्या बावीस बाया एका ओळीत उलट्या पावलांनी मागं सरकत धान रोवायच्या. ललिता गाणं उचलायची, बाकीच्या झेलायच्या. गाण्यात शेतमालकाचं नाव गुंफून त्याला चिमटे काढायचे. तो बिचारा धुऱ्यावर छत्री धरून हसायचा, रडूही शकायचा नाही.

आणि दुपारचं जेवण! ते आठवलं की ललिता आजही डोळे मिटते. पळसाची पानं अंथरायची, तेवीस डबे मधात उघडायचे. वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी कोणाची, तरोट्याची कोणाची, सुकट घातलेली वांगी कोणाची. आपल्या डब्यातलं आपण खायचं नाही, हा टोळीचा कायदाच. ज्या बाईच्या भाजीला दुसरीचा हात लागला नाही ती बाई घरी जाऊन रडायची. शेवटच्या दिवशी चिखल खेळायचा. मालकालाही सोडायचं नाही, मालकिणीलाही नाही.

"ते दिवस गेले," ललिता म्हणते. मग थोडी थांबते, कारण तिला ठाऊक आहे, ते सगळेच दिवस गोड नव्हते. एका वर्षी बावीस डबे मधात उघडले होते आणि तेविसावा, तिचा, धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एकटा पडला होता.

त्या वर्षाची सुरुवात दिवाळीच्या तोंडावर झाली. धान कापणीला आलं होतं आणि रंजीताचा ताप उतरत नव्हता. रंजीता ललिताची एकुलती पोरगी, सात वर्षांची, दुसरीत. आधी गावातला उतारा झाला, मग मूलच्या डॉक्टरकडून सुया झाल्या. पोरीच्या पायावर कुठं आपटल्याशिवाय निळे डाग उठायला लागले तेव्हा त्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि रिपोर्ट हातात घेऊन खुर्चीतून उठला. चंद्रपूर झालं, चंद्रपूरहून नागपूर. नागपूरच्या दवाखान्यात एका तरण्या डॉक्टरीणबाईनं ललिताला आणि सुनिलला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, समोर बसवून सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे.

"पोराईले पण होते हा?" ललितानं विचारलं.

"होतो. आणि पोरं बरीही होतात बाई. बहुतेक होतात. पण इलाज अर्ध्यात सोडायचा नाही. सोडला की तो परत येतो, आणि मग ऐकत नाही."

ते वाक्य ललितानं पदराला गाठ मारल्यासारखं धरलं. इलाज सरकारी कार्डावर झाला, दवाखान्याशेजारच्या धर्मशाळेत दोघं आळीपाळीनं राहिले. पण पहिल्यांदा गावी परतताना, बसमध्ये, नवराबायकोनं एक गोष्ट ठरवून टाकली. गावात कॅन्सर म्हणायचं नाही. रक्त कमी आहे म्हणायचं.

"पोरीची जात हाय," सुनिल खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आज म्हनलं तं वीस वर्षं लोक ध्यानात ठेवतीन."

ललितानं मान हलवली. जी बाई मालकाला तोंडावर चोर म्हणायला भ्यायली नव्हती, तिनं मान हलवली.

माघात पोरीला महिनाभर घरी न्यायला परवानगी मिळाली. निघताना सिस्टरनं बजावलं, "बाई, बच्ची का खून अभी कमजोर है. बाहेरचा कोणी घरात नको. किसी को सर्दी-खांसी, तो दूर. तिचं ताट वेगळं, गिलास वेगळा, पानी उबाल के. लोगों से बच्ची को बचाना है, समझी?"

समजलं तर होतं. पण मोहटोलीत दाराला कडी कोण लावतो? बुधरी मडावी, टोळीतली सगळ्यात म्हातारी, रोज सकाळी तंबाखूला चुना मागायला येणार आणि पोरीच्या गालाला हात लावून जाणार. समोरची आशाबाई गुरनुले विस्तव न्यायला येणार, तिच्यामागं तिची पोरगी प्रणाली येणार, प्रणालीच्या मागं बकरीचं पिल्लू. त्यांना 'येऊ नका' कसं म्हणायचं? आणि म्हटलं तर 'काऊन' याला उत्तर काय द्यायचं? उत्तर तर बसमध्येच कोंडून टाकलं होतं.

मग ललिताला सुचलं. अंगणातल्या कडुनिंबाची एक डगाळ तिनं तोडली आणि दाराच्या चौकटीला आडवी बांधली.

झाडीपट्टीत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. घरात माता आली. गोवर म्हणा, कांजण्या म्हणा, आमच्याकडे ती माताच. डगाळ दिसली की त्या घरात कोणी पाऊल टाकत नाही, विस्तव मागत नाही, अंगणात मोठ्यानं बोलत नाही. 'काय झालं' असंही विचारायचं नसतं, मातेला राग येतो. ललिताला याहून सोयीची कडी कोणत्या लोहारानं करून दिली असती! बुधरी आली, डगाळ बघितली, हात जोडले आणि मागच्या पावली गेली. पोरीला एक शिंकही आली नाही. त्या महिन्यात ललिता आपल्या अकलेवर जाम खूश होती. सुनिलला म्हणाली, "डाक्टरनीले सांगतो मी पुढच्या खेपेले, तुमच्या साबणापेक्षा आमची डगाळ भारी."

पण माता नऊ दिवसांची. फार तर पंधरा. ही डगाळ नागपूरच्या प्रत्येक खेपेनंतर ताजी होत राहिली, माघापासून जेठापर्यंत. त्या पाच महिन्यांत रंजीताचे केस गेले, तोंड सुजलं, पुन्हा हाडकं दिसायला लागली. गाव कुडाच्या फटीतून बघत होतं आणि कोणी विचारत नव्हतं, कारण डगाळ होती.

जून लागता लागता डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट बघितला आणि पहिल्यांदा हसली. "आता शाळेत पाठवा. सगळ्यांमध्ये खेळू द्या. फक्त गोळ्या रोज, दीड वर्षं. एक दिवस चुकवायची नाही." घरी आल्याबरोबर सुनिलनं डगाळ ओढून काढली आणि उकिरड्यावर फेकून दिली. ललितानं बोटभर आलेल्या केसांना तेल लावलं, नवा फ्रॉक घातला आणि शाळा उघडली तशी पोरीला सोडून आली.

तिसऱ्या दिवशी रंजीता दुपारीच परत आली. दप्तर फेकून झोपली. चौथ्या दिवशी ललिता तिच्या मागं गेली आणि शाळेच्या भिंतीआडून बघत राहिली. खिचडीची पंगत बसली होती. पोरं दाटीवाटीनं, आणि खिडकीपाशी, दोन हात जागा सोडून, रंजीता. जेवण झाल्यावर बाकीची ताटं एका घमेल्यात पडली. रंजीतानं आपलं ताट धुतलं आणि भिंतीला ठोकलेल्या एका वेगळ्या खिळ्याला नेऊन टांगलं. सातआठ वर्षांची पोरगी, टाचा उंचावून टांगत होती.

ललिता तशीच आत घुसली. मुख्याध्यापक गुणवंतराव माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्रा माणूस कधी कधी वाईटापेक्षा महाग पडतो.

"बाई, मी काय करू? सात बाया येऊन गेल्या. म्हणतात, पोरांच्या टीसी काढतो. शाळेत पोरं आहेत एकतीस. सात गेली तर शाळा राहते का? तुम्ही असं करा, तिला घरी अभ्यास करू द्या, परीक्षेला आणा. मी पास करतो ना."

"पास तं ती मरनाच्या परीक्षेत झाली, मास्तर. तुमी का पास करता!"

तिथून पुढं रंजीता शाळेत जाईना. ललितानं मारलं, गोंजारलं, जिलेबी आणली. नाही. आणि मग एक दिवस धानाच्या ढोलीमागं झाडताना ललिताच्या झाडणीसोबत पिवळ्या गोळ्या निघाल्या. अकरा. तोंडात धरून, पाणी पिऊन, मग बाहेर जाऊन थुंकलेल्या.

ललिताचा हात उठला होता. पोरगी हलली नाही. बोटभर केसांचं डोकं वर करून तिनं विचारलं, "शाळेत कोनी जवळ बसू देत नाई. प्रणाली पण नाई. मंग बरी होऊन काय करू मी?"

हात खाली आला. 'अर्ध्यात सोडला की तो परत येतो.' पदराची गाठ अशी उकलली होती. पोरीच्या गोळ्या आता डब्यात नव्हत्या, त्या पंगतीत होत्या. पंगतीत जागा मिळाल्याशिवाय रंजीता गोळी गिळणार नव्हती, आणि ती गिळवणं कोणत्या डॉक्टरच्या हातात नव्हतं.

रोवणा सुरू झाला होता. ललिता गेली. टोळीनं तिला हाकललं नाही, ओळीच्या एका टोकाला जागा दिली. पण गाणं तिनं उचललं तेव्हा कोणी झेललं नाही. दुपारी पळसाची पानं अंथरली गेली आणि आशाबाईनं आपला डबा असा सरकवला की ललिताला आपोआप बाहेर बसावं लागलं. त्या दिवशी तिनं वास्त्याची भाजी नेली होती. कोणी झाकणाकडेही बघितलं नाही.

अर्धी भाकर खाल्ली आणि ललिता उठली. चिखलाच्या हातानंच तिनं बोलायला सुरुवात केली. कोणाच्या पोराला कधी खरूज झाली, कोणाच्या सासऱ्याला कोणता आजार होता, कोणाच्या बाळंतपणात ही ललिता रात्रभर उभी होती, सगळं काढलं. "जनावरापेक्षा वाईट तुमी! आजारी बैलाले पण दुसरा बैल चाटते. माह्या पोरीचं ताट खिळ्याले टांगता? कोनं शिकवलं तुमाले?"

बायांनी डबे झाकले. बुधरी मात्र जेवत होती. घास सावकाश संपवून, बोटं चाटून तिनं वर बघितलं.

"तूनंच शिकवलं ना बाई."

"मी?"

"डगाळ कोनं बांधली? आमी तं नाई बांधली. पाच महिने तुह्या डगाळीचा मान ठेवला आमी. माह्या तंबाखूचा चुना मी पार त्या टोकाहून आनत होती, या गुडघ्यानं." बुधरीनं गुडघ्यावर थाप मारली. "आता तू सांग. उतरवली कई?"

"जेठात काढली ना!"

"काढली. उकिरड्यावर फेकली तुह्या नवऱ्यानं, मी पायलं. तिले का काढणं म्हनते? डगाळ उतरवा लागते. मातामायपाशी न्या लागते, पाच घरी दहीभात द्या लागते, मंग लोक घरात येते. तू उतरवली नाई, मंग आमच्यासाठी ते अजून बांधलीच हाय. अन् कोणती माता पाच महिने राह्यते वं? केस घेऊन जाते? तू सांगतलं नाई, आमी विचारलं नाई. मंग जे ज्याच्या मनात आलं ते त्यानं समजलं."

ललिताकडे प्रत्येकीसाठी एक एक शिवी तयार होती आणि त्यातली एकही बुधरीला लागू पडत नव्हती. मोहटोलीत पहिल्यांदाच घडलं असेल, ललिता निकुरे काही न बोलता ओळीत जाऊन वाकली आणि संध्याकाळपर्यंत रोवत राहिली.

घरी सुनिल म्हणाला, "मंग उतरवून टाक ना. एक वाटी दही लागंल."

"अन् माता होती म्हनून सांगू? आनखी एक खोटं? तेवढ्यानं आशाबाई गप बसते का? उद्या दुसरी कोनती माता काढंल." ललिता चुलीपुढं बसून बोलत होती, पण सुनिलशी कमी आणि स्वतःशी जास्त. गाव अडाणी म्हणून तिनं आठवडाभर गावाला झोडपलं होतं, आणि शहाण्या ललितानं काय केलं होतं? नागपूरला जाऊन समजून घेतलेलं सगळं चौकटीआड कोंडून ठेवलं होतं. पोरीला वाचवायला बांधलेल्या डगाळीनं पोरीलाच बांधून टाकलं होतं.

सकाळी ती बुधरीच्या अंगणात गेली. वय, मान, सगळं बाजूला ठेवून खाली बसली.

"बुधरीबाई, माता नव्हती. दुसरं होतं. ते सांगून उतरवली तं चालते का?"

बुधरीनं तंबाखू मळत विचार केला. "मातामायचं नाव वापरलं ना तुनं? मंग तिची माफी माग. तिले सांग, माय, तुही डगाळ मी उसनी नेली होती. ते परत घेऊन आली. यात खोटं का हाय?" मग म्हणाली, "पण उतरवाले डगाळ तं पायजे. ते तं सडली."

"मंग?"

"मंग बांध नवी."

रंजीताला ललितानं विचारलं, "गावाले सांगू का वं, तुले काय झालं होतं?" पोरगी पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरायला लागली. "सांग," ती म्हणाली. "पण केसाचं नको सांगू. ते येऊन राह्यले."

मंगळवारी सकाळी निकुऱ्यांच्या चौकटीला पुन्हा हिरवी डगाळ लागली आणि गल्लीत धडकी भरली. परत आलं! घटकाभरात समोर पन्नास माणसं जमली. रस्त्याच्या पलीकडं, अर्थातच. मागं गुणवंतरावांची सायकलही दिसत होती. ललिताला हेच पाहिजे होतं. दवंडी दिली असती तर दहा आले असते.

ती चौकटीत उभी राहिली, एका हातानं रंजीताचा हात धरून. बांधीत बावीस बायांना ऐकू जाणारा आवाज, पण त्या दिवशी तो पहिल्या शब्दाला फाटला.

"कॅन्सर," ती म्हणाली. "माह्या पोरीले रक्ताचा कॅन्सर झाला होता. माता नव्हती. मी खोटं बोलली."

काही आयांनी आपापली पोरं मागं ओढली.

"नागपूरच्या डाक्टरनीनं सांगतलं होतं का लोकाईपासून पोरीले जपा. तुमाले तिच्यापासून काई होत नव्हतं. तुमचं पडसं तिच्या जिवावर येत होतं. तुमाले येऊ नका म्हनाची हिंमत माह्यात नव्हती, म्हनून मी मातामायच्या आड लपली. अन् कॅन्सर म्हनलं तं पोरीले उद्या कोन करंल, म्हनून रक्त कमी हाय म्हनलं. दोनी खोट्या माह्या. हा रोग लागत नाई. तिचं उष्टं मी खाल्लं, तिच्या बापानं खाल्लं. पाहा, बैलासारखा उभा हाय."

सुनिलला काय करावं सुचेना, तो खरोखर थोडा ताठ उभा राहिला.

आशाबाईनं पदर खोचला. "कॅन्सर तं तंबाखूचा खर्रा खानाऱ्याले होते. सात वर्षाच्या पोट्टीनं का खर्रा खाल्ला? हे दुसरंच काई हाय."

ललितानं पोरीचा हात सोडला. आवाज जागेवर आला. "तुहा नवरा दिसाचे आठ खर्रे खाते वं आशाबाई. त्याचं ताट कोणत्या खिळ्याले टांगतं?"

मागून कोणी तरी फिस्सकन हसलं. मग आणखी कोणी. आशाबाईचा नवरा खिशावरचा हात हळूच खाली नेताना सगळ्यांनी बघितला.

ललितानं डगाळ सोडली, तांब्यातल्या पाण्यात बुडवली आणि चालायला लागली. रंजीताच्या हातात दहीभाताची छोटी पितळी गंजी. मातामायचं ठाणं गावाच्या वेशीवर, चिंचेखाली. लोक अंतर ठेवून मागं आले. ललितानं डगाळ तिथं ठेवली, डोकं टेकवलं आणि काही बोलली. माफी मागताना तिचा चेहरा कसा होता ते फक्त मातामायलाच माहीत, कारण ती पाठमोरी होती आणि वेळ बराच लागला.

पहिलं घर बुधरीचं. ललिता वाढायला पुढं झाली तशी बुधरी म्हणाली, "तू सर. पोट्टी वाढंल." रंजीतानं हातानं भात काढून दिला. बुधरीनं तो सगळ्यांसमोर उभ्या उभ्या खाल्ला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय. तुह्या मायले काईच येत नाई." रंजीता दिवाळीनंतर पहिल्यांदा गावासमोर हसली.

पुढच्या दोन घरांनी खाल्लं. एकानं 'नंतर खातो' म्हणून ठेवलं. पाचवं आशाबाईचं. तिनं वाटी घेतली, फळीवर ठेवली आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी ललितानं बघितलं, तो भात कोंबड्या टिपत होत्या. ललिता पाहून न पाहिल्यासारखी आत गेली. त्या दिवशी रंजीतानं गोळी मागून घेतली असं काही नाही. पण दिली ती गिळली, आणि तोंड उघडून जीभ दाखवली.

दुसऱ्या दिवशी ललिता सुनिलची पकड घेऊन शाळेत गेली.

"मास्तर, हा खिळा सरकारी हाय का?"

"नाही बाई," गुणवंतराव खाली बघत म्हणाले.

"मंग नेतो मी." तिनं तो ओढून काढला. भिंतीचा पोपडाही सोबत आला. मास्तरांनी त्या दिवशी रंजीताला स्वतः पंगतीच्या मधात बसवलं. दोन पोरी उठून गेल्या, दोन बसून राहिल्या. सातांपैकी एकीनं पोराची टीसी काढलीच. बाकीच्या सहा जणींनी टीसी काढतो म्हणणं चालू ठेवलं आणि पोरं पाठवणंही चालू ठेवलं.

गाव एका दिवसात बदललं असं कोणी सांगितलं तर ललिता त्याला उभा करते. बदललं नाही. ललिताच्या डब्यावरचं झाकण आधी एकीनं उचललं, आठ दिवसांनी दुसरीनं. गाणं झेललं गेलं ते रोवण्याच्या शेवटच्या बांधीत, तेही अर्धं. दीड वर्षं गोळ्या चालल्या, एक दिवस चुकला नाही. मग तपासण्या, मग त्याही लांब लांब. आज रंजीता वीस वर्षांची आहे, मोहर्लीला जंगलाच्या गेटवर गाइड म्हणून लागली, खाकी शर्ट घालून पर्यटकांना वाघाआधी झाडं दाखवते. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातल्या एका बापानं पोराच्या कॅन्सरचा रिपोर्ट लपवून ठेवला होता. ललिता त्याच्या अंगणात उभी राहून त्याला इतकं बोलली की तो त्याच आठवड्यात नागपूरच्या बसमध्ये बसला.

पण सगळ्यात चांगला दिवस कोणता, असं ललिताला विचारलं तर ती यातला एकही सांगत नाही. ती सांगते पोळ्यानंतरची एक दुपार, त्याच वर्षातली.

ललिता कांदा चिरत होती. समोरून आशाबाई आली, पदर खोचून, प्रणालीला दंडाला धरून. रस्ता ओलांडला, अंगण ओलांडलं, थेट दारात.

"ललिता! बाहीर ये! तुह्या पोट्टीनं माह्या पोट्टीले शाळेत ढकललं. पाय, कोपर सोललं! खोखोत काऊन ढकलते ते?"

ललिता चाकू हातात घेऊनच दारात आली. रंजीताची तक्रार! कोणी तिच्याशी खेळलं, रंजीता धावली, तिनं कोणाला तरी ढकललं, आणि ती पडलेली पोरगी सरळ घरी जाऊन आईला सांगायला विसरली नाही. ललिताच्या पोटातून जे वर आलं ते हसू होतं, पण असल्या वेळी हसणं म्हणजे समोरच्याचा अपमान. तिनं चाकू खाली ठेवला आणि तिला शोभेल अशा आवाजात सुरुवात केली.

"खोखोत ढकलाचं नाई तं का ओवाळाचं? तुही पोट्टी मेणाची हाय का?"

"मेणाची? अन् तुही? सांड झाली सांड!"

"झाली ना! होऊ दे! खाते मंग होते!"

भांडण रंगलं. गल्लीतले लोक दारात आले. प्रणाली आणि रंजीता कुडापाशी बसून एकमेकींचं कोपर आणि गुडघा बघत होत्या. अर्धा घंटा झाला असेल. आशाबाईला ठसका लागला. बोलता बोलता ती उंबरठा ओलांडून आत आली, निकुऱ्यांच्या माठातून गडवा भरला, गटागटा पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि गडवा हातात तसाच धरून म्हणाली, "हं, तं मी काय म्हनत होती?"

"सांड म्हनत होती," ललितानं आठवण करून दिली.